चकोरीने न घातलेली शीळ

डोंगर अजून तरुण होते तेव्हाची गोष्ट. बर्फ पडला की प्राण्यांची घसरण्याची शर्यत लागे. समोरच्या कड्यावरून चकोरीने शीळ घातली की उताराच्या माथ्यावरून सगळे सुटत.

एकदा शीळ घालणार, तोच तिला दिसलं, उताराचा बर्फ आडवा तडकत चालला होता. तिचा बारीक आवाज तिथवर पोचणार नव्हता, पोचली असती ती शीळच! तिने चोच घट्ट मिटली.

"अगं, घाल की शीळ!" कोल्हा ओरडला.

"माजलीये नुसती!" म्हणत सगळे डोंगराच्या धारेवरून तावातावाने तिच्याशी भांडायला आले. कोल्ह्याने तोंड उघडलं, अन् मागे अख्खा उतार गडगडत दरीत गेला.

त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.