बुटक्या दाराचं घर

एका राज्यात प्रतापध्वज नावाचा राजा होता. राज्य मोठं, खजिना मोठा आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या राजापेक्षा आपला महाल झकपक हवा, म्हणून त्याने परमुलखातल्या जादूगाराकरवी डोंगराचा माथा सपाट केला आणि एका रात्रीत त्यावर स्फटिकाचा महाल उभा करवला. उन्हाळ्यात आत बसलं की माणूस पापडासारखा भाजून निघे. पण दिसायला मात्र झकास!

राणी देवाघरी गेलेली. राजाला एकुलती एक लेक, कुमुदिनी. एके दिवशी त्या चिमुरडीने स्फटिकाच्या भिंतीवर कोळशाने घर काढलं. उतरतं छप्पर, पुढे ओसरी, मधोमध बुटकं दार. राजा कडाडला, "तोंड दाखवू नकोस मला!"

वास्तू बोललेलं ऐकत असते, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक. रागात राजाला भान कुठलं? महाल म्हणाला, "तथास्तु!" आणि बापलेकीच्या मध्ये भिंत उगवली. महालात असोत, बागेत असोत की रानात, दोघं समोरासमोर आली की मध्ये भिंत उगवे. राजाने नाना विनवण्या केल्या. महाल गप्प. कोळशाचं ते चित्र मात्र राजाने कुणाला पुसू दिलं नाही. रोज त्याच्यासमोर बसे आणि नवल करी, की पोरीने दार एवढं बुटकं का बरं काढलं असेल? लेक मोठी झाली. ती कशी दिसते हे साऱ्या राज्याला ठाऊक होतं, एका बापाला सोडून.

एका सकाळी कुमुदिनीच्या खिडकीत पाकोळी येऊन बसली. चोचीतला चिखलाचा गोळा खाली ठेवून म्हणाली, "राजकन्ये, स्फटिक परका. त्याला रागाचीच भाषा कळते. इथल्या मातीचं घर बांध. नवी वास्तू पहिल्या शब्दाला तथास्तु म्हणते. पण तो शब्द शाप देणाऱ्याचाच हवा. वाकडा गेला, तर भिंत जन्माची."

"घर बांधू कसं?"

"तीन जुन्यांना विचार."

कुमुदिनी डोंगराकडे गेली. डोंगर म्हणाला, "माझा काळा दगड ने. पण मला पुन्हा सपाट करू नकोस. घरालाच पायरीपायरीने उतारावर चढव."

ती ओढ्याकडे गेली. ओढा म्हणाला, "माझी वाट तुझ्या पणज्यांच्याही आधीची. अडवू नकोस. चौकातून जाऊ दे, घर गार ठेवीन."

मग ती गावातल्या सर्वांत जुन्या घराकडे गेली. ते डुलकी घेत होतं. एक खिडकी किलकिली करून म्हणालं, "ओसरी ऐसपैस ठेव. दार बुटकं ठेव."

"बुटकं का, आजोबा?"

"ज्याचं डोकं आपटेल त्याला कळेल," असं म्हणून घर पुन्हा झोपी गेलं.

कुमुदिनीने ऐकलं तसं घर बांधलं. पंडितांनी पहिल्या शब्दासाठी राजाला लांबलचक श्लोक पाठ करून दिला. तो मनात घोकत राजा ओसरीवर चढला. आत लेक उभी होती. दारात भिंत उगवलीच. राजा ताठ मानेने पुढे झाला आणि चौकटीवर त्याचं डोकं खाडकन आपटलं. मुकुट घरंगळला. श्लोक कुठल्या कुठे गेला.

राजाचं नाक लालबुंद झालं. प्रजेने श्वास रोखला, पाकोळीने डोळे मिटले. शिवी ओठांवर आली होती. पण कपाळ धरून वाकल्यामुळे राजाचे डोळे लहान मुलाच्या उंचीला आले होते, आणि तिथून त्याने दार पाहिलं. हे तर तेच! रोज कोळशाच्या रेघांत पाहिलेलं. त्याला भडभडून आलं.

"कुमुद, बाळ," तो म्हणाला, "तोंड दाखव गं मला."

"तथास्तु," घर हळूच म्हणालं.

पाण्यात गूळ विरघळावा तशी भिंत विरली. कुमुदिनी वाकून बाहेर आली.

"आबासाहेब, फार लागलं का हो?"

"लागलं," राजा म्हणाला, आणि तिचं तोंड ओंजळीत धरून पोटभर रडला.

तिकडे स्फटिकाचा महाल पाणी होऊन ओढ्याला मिळाला, डोंगराचा माथा पुन्हा वर आला. राजा लेकीच्या घरी राहायला आला. त्याचा राग काही गेला नाही, स्वभावाला औषध नसतं. पण रागावून घरात शिरायचं तरी आधी वाकावं लागे.

जशी त्या राजाला त्याची लेक दिसली, तशी तुम्हां-आम्हांला आपापली माणसं दिसोत. आणि ही गोष्ट जिच्या छपराखाली ऐकलीत, त्या वास्तूने तथास्तु म्हणावं.