माळ्याचा सुरण आणि हरभऱ्याचे शेंडे

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि शब्द साधे वाटले, तर थोरांनी रागावू नये आणि लहानांनी हसू नये. गोष्ट मला जशी समजली तशी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात सगळे होते, पाणी तेवढे नव्हते. होळी झाली की विहिरीत पोहरा सोडावा आणि तो दगडावर आपटल्याचा आवाज ऐकून परत वर ओढावा, अशी गत.

राजाने सात घाटांपलीकडच्या कोरड्या मुलखातून खणणारी माणसे बोलावली. बायकापोरांसकट ती आली. दोन वर्षे त्यांनी दगड फोडला, माती वाहिली आणि गावाला तळे करून दिले. राजाने त्यांना तळ्याच्या बांधालगत राहायला जागा दिली आणि पोटाला ज्वारी लावून दिली. गावकरी त्यांना खणकरी म्हणू लागले.

त्या गावात एक माळी होता. बोलायला लाजाळू, कामाला वाघ. तळे झाले आणि त्याच्या रानात पहिल्यांदाच हिवाळ्यात हरभरा उभा राहिला. रोज सकाळी तो तळ्याला हात जोडायचा. एके दिवशी त्याच्या मनात आले, 'पाण्याला हात जोडतो, ते ठीक. पण ज्यांनी पाणी आणले, त्यांना मी काय दिले?'

त्या गावात लग्नाच्या पंगतीला सुरणाची भाजी लागे. सुरणाहून मोठा मान नाही. माळ्याने रानातला सगळ्यांत थोरला गड्डा उकरला, डोक्यावर घेतला आणि खणकऱ्यांच्या वस्तीवर नेला. खणकऱ्यांचा म्हातारा नाईक पुढे आला. त्याने गड्डा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी माळ्याने भीतभीत विचारले, "नाईक, कसा झाला सुरण?"

नाईकाचा आवाज बसलेला होता. तो म्हणाला, "माळीदादा, असा सुरण आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्ला नव्हता."

मागे चार पोरे जिभा बाहेर काढून बसली होती. माळ्याला वाटले, चव अजून रेंगाळते आहे.

मग त्याने आणखी एक सुरण नेला, पडवळ नेले, कारली नेली, काटेरी वांगी नेली. नाईक दर वेळी दोन्ही हातांनी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "फार छान होती, दादा."

माळीण मात्र नवऱ्याला म्हणाली, "अहो, एकदा तरी ते 'मीठ कमी पडलं' म्हणाले का? माझ्या हातचं खाऊन तुम्ही रोज काहीतरी खोट काढता. रोज छान म्हणणारा माणूस जेवत नसतो."

"तुला सगळ्यांतच वाकडं दिसतं," माळी म्हणाला.

एकदा दिवेलागणीच्या वेळी माळी बांधावरून घरी निघाला होता. समोरून नाईकाची सात वर्षांची नात, राही, डोक्यावर घागर घेऊन येत होती. वाट मोकळी होती, तरी ती सरळ येऊन माळ्यावर आदळली. घागर फुटली.

"अगं पोरी, मी एवढा खांबासारखा उभा, दिसलो नाही का?"

राही रडू लागली. मागून तिची आई धावत आली. "तिचा दोष नाही, दादा. दिवे लागायची वेळ झाली की तिला दिसत नाही. भाद्रपदापासून असं झालंय. वैद्यबुवा म्हणाले, हिरवं खायला घाला, नाहीतर पुढे दिवसाही दिसायचं नाही."

"मग मी इतकी भाजी आणतो ती?"

राहीच्या आईने मान खाली घातली. मग एवढेच म्हणाली, "पौष सरला की आम्ही परत जाणार. नाईकांनी ठरवलंय. तिकडे पाणी नाही, पण पोरांचे डोळे शाबूत होते."

माळी विचार करत घरी आला. ज्यांच्या पाण्यावर आपले रान हिरवे झाले, त्यांच्या पोरीचे डोळे आपल्या शेजारी बसून जात आहेत. त्याला एकच उपाय सुचला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दुप्पट भाजी नेली.

चौथ्या दिवशी तो सकाळी हरभऱ्यात गेला आणि जागीच थबकला. बांधाकडच्या चार ओळींचे शेंडेच नव्हते. रोप न् रोप वरून खुडलेले! अजून फूलही धरले नव्हते आणि पीक बुडाले. माळी ओरडला, "शेळ्या! कुणाच्या शेळ्या शिरल्या?"

माळीण वाकून बघू लागली. "शेळी इतकं नेटकं खात नाही. ही बोटं आहेत."

वाटेत कोवळी पाने सांडली होती. त्यांच्या मागावर माळी थेट राहीच्या झोपडीशी पोचला. राहीची आई चुलीपुढे बसली होती आणि तिच्या ओटीत हरभऱ्याचे शेंडे होते. माळ्याला पाहून ती दचकून उठली.

आवाज ऐकून नाईक बाहेर आला. सुनेची ओटी पाहिली आणि त्याची मान खाली गेली. "माळीदादा, आमच्या लोकांत चोरी नाही. आज झाली. शिक्षा मला द्या."

माळी रागाने काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर फिरली. पलीकडे दोन शेळ्या त्याचे पडवळ मजेत चघळत होत्या. कोपऱ्यात वांगी वाळून काळी पडली होती. आणि चुलीला तिसरा दगड नव्हता. त्या जागी सुरणाचा गड्डा लावला होता.

माळ्याचा राग गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आले. "तुम्ही काहीच खाल्लं नाहीत?"

"पहिला सुरण खाल्ला, दादा," नाईक म्हणाला. "नुसता उकडून खाल्ला. घसा असा खाजला की तीन दिवस कुणाला पाणी गिळवेना. मग तुमच्याकडचं दुसरं काही तोंडाला लावायची हिंमतच झाली नाही."

"अहो, चिंच घालायची असते त्यात! चिंचेशिवाय सुरण खाजणारच! मग मला छान होता असं का सांगितलंत?"

"तुम्ही डोक्यावरून आणला होता," नाईक म्हणाला. "कुणी डोक्यावरून आणलेल्याला आमच्यात नावं ठेवत नाहीत."

"मग हरभरा तरी मागायचा होता!"

"दिलेलं घ्यावं लागतं, दादा. पण मागणं आमच्यात नाही."

माळी मटकन चुलीशेजारी बसला. इतके दिवस त्याने किती टोपल्या वाहिल्या होत्या, पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो त्याने आता विचारला. "ताई, तुमच्या मुलखात तुम्ही काय खायचात?"

राहीची आई आधी सासऱ्याकडे बघत राहिली. मग बोलू लागली आणि एकदा बोलू लागली ती थांबेना. हरभऱ्याचे शेंडे, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेले, वर लसणाची फोडणी. शेवग्याचा कोवळा पाला. मुळ्याची पाने. भोपळ्याच्या वेलाची टोके. सांगता सांगता तिने डोळे पुसले.

माळी तोंड उघडे टाकून ऐकत होता. मुळ्याची पाने तो बैलांना घालायचा. शेवग्याच्या त्याला फक्त शेंगा ठाऊक. आपल्याकडे हरभऱ्याची भाजी लहान पोरालाही माहीत असते, पण त्या गावाने तोवर हिवाळ्यात हरभरा कधी पाहिलाच नव्हता.

तिने ओटीतले शेंडे शिजवले, रटरटणारी भाजी भाकरीवर वाढली आणि बिचकत माळ्यापुढे धरली. माळ्याने घास घेतला. आंबूस, लसणीची, जिभेला धार आणणारी. त्याने दुसरी भाकरी मागून घेतली.

"भाजी गोड आहे," तो म्हणाला, "पण माझं पीक गेलं गं, ताई."

आता राहीच्या आईला हसू आले. "जातंय कशानं? शेंडा खुडला की बाजूनं चार फांद्या फुटतात. न खुडलेल्या हरभऱ्याला आमच्यात आळशाचा हरभरा म्हणतात."

माळ्याचा विश्वास अर्धाच बसला. तरी राहीचे डोळे आठवून तो म्हणाला, "मग सगळं रान खुडा."

"फुकट नको," नाईक म्हणाला. शेवटी ठरले, कवेत मावेल एवढ्या कवळाभर पाल्याला ओंजळभर ज्वारी. तेवढी प्रत्येक झोपडीत होती.

गाव हसले. पारावरचा एक जण म्हणाला, "लोक राखण करतात, हा चोरांना जेवायला बोलावतो!" लाजाळू माळी खाली मान घालून निघून जायचा. पण रोज सकाळी बायका रानात यायच्या, गाणी म्हणत शेंडे खुडायच्या. कुंपणाच्या शेवग्याचा पालाही न्यायच्या. पंधरा दिवसांत हरभरा झुडपासारखा पसरला आणि गावाचे हसू ओसरले. पुढे सुगीत तर त्या रानाने इतके दाणे दिले की इतर माळीही खणकऱ्यांच्या झोपड्यांशी येऊन विचारू लागले, "आमच्या रानात तुमच्या खाण्याजोगं काय आहे?"

पण त्याच्या आधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. पौष सरत आला होता. वस्तीत अजून कोणी बोचके बांधले नव्हते, सगळे राहीकडे पाहत होते. दिवे लागले. माळी बांधावरून घरी निघाला होता. समोरून राही घागर घेऊन येत होती. माळी मुद्दाम वाटेतच उभा राहिला आणि त्याने श्वास रोखला.

राही चार पावलांवर थांबली. वर बघून म्हणाली, "माळीमामा, वाट सोडा ना! आणि तुमच्या पागोट्यावर नाकतोडा बसलाय."

माळ्याने नाकतोडा उडवला नाही. तो तसाच पागोट्यावर घेऊन नाईकाच्या दारी गेला आणि हात जोडून उभा राहिला. नाईकही हात जोडून उभा राहिला. कोणी कोणाचे आभार मानायचे, हे दोघांनाही कळेना. मग नाईक झोपडीकडे तोंड करून म्हणाला, "पोरांनो, आपण इथंच राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याने तळ्याकाठचा एक वाफा भुसभुशीत केला, पाणी सोडले आणि राहीच्या आईला हाक मारली. "ताई, या वाफ्यात काय पेरू?"

"अंबाडी," ती म्हणाली.

"अंबाडी? तिचे तर आम्ही दोर वळतो!"

"वळा की. पानं आम्हाला द्या."

माळी हसत हसत अंबाडीचे बी आणायला घरी पळाला.

तात्पर्य: ज्याला जेवू घालायचे, त्याला आधी विचारावे, 'तू काय जेवतोस?'