आठवी मोरी

त्या राज्यात सगळं काम एकट्या हत्तीराजाच्या पाठीवर होतं, आणि पाठ आता दुखायला लागली होती. मदतीला एक गवा होता. अंगानं डोंगर, डोक्यानं रिकामा. प्रत्येक झोपेत तो सगळं विसरायचा, अगदी आपण कोण तेसुद्धा. म्हणून त्याला उठवायचं तर कानाशी पोथी वाचावी लागे. तू गवा, हे तुझे पाय, हा तुझा घाणा. पोथी संपली की स्वारी उठे आणि घाण्याला लागे.

पण नुसत्या पोथीनं भागत नसे. आधी तळ्याची एक मोरी उघडून गोठ्यात पाणी खेळवायचं, शेकोटी पेटवायची, जागा अडवून बसलेल्या चिमण्या हाकलायच्या. ही उठाठेव भिवा नावाच्या पाणमांजराकडे होती. त्याला हुकूम दोनच यायचे, 'तयारी कर' आणि 'आवर'. गवा काम उरकून झोपला की 'आवर', म्हणजे दगड सरकवून मोरी लावायची, शेकोटी विझवायची. हुकमावाचून आवरायचं नाही, हे भिवाच्या हाडात मुरलेलं. त्याच्या बापानं एकदा गवा जागा असताना स्वतःच्या अकलेनं मोरी लावली होती. गवा तहानेनं मरता मरता वाचला. बाप वाचला नाही.

एका वर्षी पोथीचं मधलं पान उंदरांनी खाल्लं. वाचणारा पोपट मोठा विद्वान, त्यामुळे त्याला ते कळलं नाही. "तू गवा, हे तुझे..." आणि एकदम "समाप्त". गवा घोरतच राहिला.

भिवानं 'आवर'ची वाट पाहिली, आणि मग तो दिवाण कासवाकडे गेला.

"दिवाणजी, आवरू का?"

"गवा झोपला?"

"उठलाच नाही."

"मग झोपला कसा म्हणायचं?"

"तसा झोपलेलाच आहे की."

"लेका, उठून झोपला तर आवरायचं. न उठलेल्याचं काय आवरतोस? जा, पुन्हा तयारी कर."

भिवा परत आला. पहिली मोरी उघडीच होती. हुकूम तर मोरी उघडायचा, आणि उघडी मोरी काही उघडता येत नाही. म्हणून त्यानं दुसरी उघडली. जळत्या शेकोटीशेजारी दुसरी पेटवली. चिमण्या केव्हाच गेल्या होत्या, तेव्हा साळुंक्या हाकलल्या. पोपटानं वाचलं. गवा घोरला.

असं सात वेळा झालं, आणि तळ्याला मोऱ्याही सातच. पोथी चाळून बघावी असं कुणालाच वाटलं नाही. तिच्यावर राजाचा शिक्का होता, आणि शिक्का उंदरांनी खाल्ला नव्हता.

भिवाचं बीळ तळ्याच्या काठात, तोंड पाण्याखाली. आता ते तोंड वाऱ्यावर उघडं पडलं. बायको गोजरी तीन पिल्लं पोटाशी धरून चिखलात बसली होती.

"अहो, एक तरी मोरी लावा. हात तुमचेच आहेत ना?"

"हुकूम नाही."

"मासे संपले. हुकूम शिजवून घालू पोरांना?"

भिवा उठला. शेवटच्या मोरीचा दगड त्यानं धरला, अर्धा सरकवलाही. तेवढ्यात गवा झोपेत कण्हला. कोण जाणे, उठत असेल. भिवाला बाप आठवला. त्यानं दगड परत मागं ओढला.

आठवा हुकूम आला तेव्हा तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गोजरी पिल्लं घेऊन कुठल्या वाटेनं गेली ते सांगायला काठावर कुणी उरलं नव्हतं. उघडायला मोरी नव्हती. मग भिवानं कोरड्या तळ्याच्या बांधाला नखांनी आठवं भोक पाडलं. त्यातून गरम वारा शिरला, सरळ गोठ्यात गेला, आणि गव्याच्या कानावरचे केस जरासे हलले.

"हलला," दिवाणजी म्हणाले.

पोपटानं घसा खाकरून पोथी पहिल्यापासून सुरू केली. भिवा नवव्या भोकासाठी बांध चाचपू लागला.