नावाड्याची कोरडी कोठी

नदीवर पूल बांधावा ही कल्पनाही कुणाला सुचली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका नदीकाठच्या गावात भिवा नावाचा नावाडी राहायचा. उतारूंकडून तो दाम घेत नसे. खळी झाली की घरटी सूपभर ज्वारी त्याला मिळायची आणि त्यातच त्याने वर्ष काढायचे, असा गावाचा रिवाज होता.

ती ज्वारी भिवा मातीच्या कोठीत गळ्यापर्यंत भरायचा. कोठीच्या बुडाशी भोक, भोकात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की दाणे धो धो येत आणि आत किती उरले ते बाहेरून दिसत नसे. भिवाला त्यातच सुख वाटे. गारुडी आला, काढ बोळा. तंबाखूवाला आला, काढ बोळा. शेजारचा गणोजी तर पायलीभर न्यायला हसतमुखाने यायचा. एवढ्याने काय होतंय, असे भिवा म्हणायचा. हात सढळ होता, हिशेब मात्र नव्हता.

ज्येष्ठात होडी दुरुस्त करायची वेळ आली की बोळा काढूनही कोठी गप्प राही. सुताराला द्यायला ज्वारी नसे आणि काम पुढल्या सालावर जाई. अखेर एका पावसाळ्यात होडीचा तळ पाझरू लागला. भर पुरात ती काठाला बांधून ठेवावी लागली. पाटलांनी शांतपणे सांगितले, पुढच्या पुरात होडी चालली नाही तर घाट दुसऱ्याकडे जाईल. भिवाची झोप उडाली, कारण त्याला दुसरे काहीच येत नव्हते.

त्याही साली रिवाजाप्रमाणे ज्वारी आली. भिवा कोठी भरायला निघाला, तेवढ्यात त्याच्या म्हाताऱ्या आत्याने त्याला थांबवले आणि सगळी ज्वारी अंगणात ओतायला लावली.

"यातली कुणाची किती?" तिने विचारले.

"सगळी माझीच की, आत्या."

"मग ती कुणाचीच नाही. एकेकाचं नाव घे आणि रास घाल."

भाकरीची रास झाली, सुताराची झाली, सणाची, पाहुण्यांची झाली. तंबाखूची रास भिवाने सवयीने मोठी घातली. गेल्या साली एवढीच लागली होती, असे तो म्हणाला. गेलं साल कोठीबरोबर रिकामं झालं, यंदा किती हवी ते सांग, असे आत्याने सुनावले. भिवाने डोके खाजवले आणि रास निम्मी केली.

शेवटी थोडी ज्वारी उरली. ही असू दे मोकळी, म्हणत भिवा टेकला. पाहतो तर कोंबड्या नेमक्या त्याच ढिगावर तुटून पडलेल्या. बाकी राशींवर त्याची नजर होती, हीच तेवढी बेवारशी होती. कोंबड्या हाकलून त्याने ती अडीनडीसाठी ठेवली. प्रत्येक रास वेगळ्या मडक्यात गेली आणि कोठी कोरडीच राहिली.

चैत्रात गणोजी आला. पाहुण्यांचे मडके तोवर संपले होते. भिवाचा हात सुताराच्या मडक्यापाशी गेला, घुटमळला आणि मागे आला. नाही म्हणताना त्याला फार लाज वाटली. भिवा कवडीचुंबक झालाय, असे गणोजीने गावभर सांगितले.

ज्येष्ठात होडीला नवी फळी बसली, सांध्यांत राळ भरली गेली. आषाढात नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली, आणि पलीकडच्या गावात गणोजीची लेक तापाने फणफणल्याचा निरोप आला. गणोजी मान खाली घालून घाटावर उभा राहिला. भिवाने त्याला बसवून होडी सोडली.

भर धारेत गणोजीने तळाकडे पाहिले. "थेंबभर पाणी नाही रे आत."

"तुला दिली नाही ना, ती ज्वारी या फळीत आहे," भिवा म्हणाला.

तात्पर्य: हाती आलेल्या प्रत्येक दाण्याला आधीच काम नेमून द्यावे, नाहीतर त्याला पाय फुटतात.