बोरटेकची उघडी दारं

हा जो माळ आहे ना, त्याला आम्ही दुर्बिणीचा माळ म्हणतो. चुन्यात बांधलेले हे चार चौथरे. एकाचा कोपरा गुरांनी पाडला, बाकीचे अजून शाबूत आहेत. कॉलेजची मुलं येतात, चौथऱ्यावर उभं राहून फोटो काढतात आणि कुठल्या साहेबाची दुर्बीण कुठं होती ते विचारतात. ते मला ठाऊक नाही. मी या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं, मला घरं ठाऊक आहेत. घरांबद्दल विचाराल तर सांगण्यासारखं आहे.

बोरटेकमध्ये ग्रहणात दार लावत नाहीत. आसपासच्या गावांत वेध लागले की चूल विझवतात, भरलेलं पाणी ओतून देतात, गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवतात. इथं उलटं आहे. चूल पेटती ठेवायची, तिच्यावर पाणी तापत ठेवायचं आणि घरात पोटुशी बाई असेल तर तिला ओसरीवर, माणसांत बसवायचं. हे असं कसं झालं, ते माझ्या आजोबांनी सांगितलं होतं तसं सांगतो.

अठराशे अठ्ठ्याण्णव साल. दुष्काळ नुकताच सरला होता आणि पुण्या-मुंबईकडे प्लेग चालू होता. पौषातल्या अमावास्येला, शनिवारी, भर दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. ते बघायला देशोदेशींचे साहेब आपल्या मुलखात उतरले, त्यांतला एक तांडा या माळावर आला. महिनाभर आधीपासून तंबू, पेट्या, बैलगाड्या यांची रीघ लागली होती म्हणे. माळावरची बोरीची काटेरी झुडपं तोडायला गावातली माणसं लावली, त्यांत मातंग वस्तीतली कोंडाबाई होती.

कोंडाबाई गावची सुईण. चाळिशीची, अंगानं काटक, बोलणं थोडं. तिच्या हातावर गावातली दीड-दोनशे पोरं जन्मली होती. पण बाळंतपण झालं की ती अंगणात, आणि घर शिंपडून पवित्र केलं जाई. तसा तो काळ होता.

झुडपं तोडताना तिनं साहेबांच्या कारकुनाला विचारलं, "रावसाहेब, अंधार किती येळ ऱ्हाईल?"

तो पुण्याचा होता, आठल्ये नावाचा. तो हसून म्हणाला, "पान लावून तोंडात टाकशील, तेवढ्यात उजेड येईल."

तिला ते खरं वाटलं नाही. पण ध्यानात राहिलं.

ग्रहणाच्या दिवशी गावचे ढवळे पाटील आणि त्यांचा मुलगा साहेबांच्या दिमतीला माळावर गेले. घरी राहिल्या पाटलीण सगुणाबाई आणि त्यांची सून अनसूया. अनसूयेची आधीची दोन बाळं गेलेली, हे तिसरं. दिवस भरत आले होते, पण अजून आठवडाभर आहे असा हिशेब होता. सगुणाबाईंनी रीतीप्रमाणे चूल विझवली, घागरी पालथ्या केल्या, सुनेला माजघरात बसवलं आणि दाराला आतून अडसर घातला. त्या काही दुष्ट नव्हत्या. दोन नातवंडं पुरलेली बाई, तिसऱ्या वेळी कशातही कसूर नको म्हणून त्या जिवापाड जपत होत्या.

ग्रहण लागलं तशी मातंग वस्तीतली माणसं टोपल्या घेऊन गावात निघाली. "दे दान, सुटे गिराण!" असं ओरडत दारोदार जायचं, लोकांनी धान्य टाकायचं, म्हणजे सूर्य सुटतो, अशी समजूत. दुष्काळानंतरचं ते पहिलं मोठं ग्रहण. लोकांनी भ्यायल्यासारखं दान केलं. पाटलांच्या दारापर्यंत येईतो कोंडाबाईची टोपली ज्वारीनं काठोकाठ भरली होती.

तिथं तिला आतून कण्हणं ऐकू आलं. ती थांबली. कान देऊन ऐकत राहिली. मग टोपली खाली ठेवली आणि दाराजवळ जाऊन म्हणाली, "पाटलीणबाई, सूनबाई अडलीय. मला आत घ्या."

"कोंडे, दारात उभी राहू नकोस," सगुणाबाई आतून म्हणाल्या. "मोक्ष झाला की निरोप धाडीन."

"तवर उशीर हुईल."

"गिराणात नाळेला विळा लावायचा नसतो. माझी दोन गेली. तिसऱ्याला मी डाग लागू द्यायची नाही."

"बाळ गिराण बघून येत न्हाई, बाई!"

उन्हाचा रंग पिवळट, मग राखेसारखा झाला. चरायला गेलेली गुरं अंधारून आलं म्हणून आपली आपण घराकडे वळली. पिंपळावर पाखरं कल्ला करत परतली आणि एकाएकी गप झाली. मग दुपारीच चांदण्या दिसू लागल्या. माळावर साहेबांचा माणूस मोठ्यानं आकडे मोजत होता, ते गावापर्यंत ऐकू येत होतं असं सांगतात.

त्याच वेळी अनसूयेचं कण्हणं थांबलं.

कोंडाबाईनं दारावर दोन्ही हात आपटले. "पोरगी गप झाली, पाटलीणबाई! हा अंधार पान लावण्यापुरता हाय, साहेबाच्या माणसानं सांगितलंय. आत पोराला तेवढाबी दम निघायचा न्हाई. पाप लागलं तर ह्या माझ्या हातांना लागू द्या. झडून जाऊ द्या हे हात. पण अडसर काढा!"

सगुणाबाईंनी अडसर काढला. कोणी जबरदस्ती केली नाही, दार मोडलं नाही. त्यांनी आपल्या हातानं काढला.

आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. चूल थंड, पाण्याचा थेंब नाही. कोंडाबाईनं सगळं चाचपून केलं. नाळेचे दोन वेढे बाळाच्या मानेला बसले होते. ते तिनं बोटानं सोडवले, भिंतीवरचा विळा मागून घेतला आणि अंधारातच नाळ कापली. बाळ रडेना. पौषाची थंडी, ऊब द्यायला विस्तव नाही. तिनं आपल्या लुगड्याचा पदर टरकन फाडला, बाळ त्यात गुंडाळलं, छातीशी धरून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. कवाडाच्या फटीतून उजेडाची रेघ आत आली तेव्हा बाळानं पहिला टाहो फोडला. मुलगी होती. पुढं तिचं नाव उजाबाई ठेवलं.

कोंडाबाई बाहेर आली तर घराकडे पळालेल्या गुरांनी टोपली उलथवून ज्वारी खाल्ली होती. उरलेली मातीत मिसळली होती. ती रिकामी टोपली उचलून तिनं वस्ती गाठली.

तिसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. ग्रहणात विळा चालला, म्हणजे गावावर अरिष्ट येणार, प्लेग येणार, असं लोक म्हणू लागले. सगुणाबाईंना विचारलं, दार कोणी उघडलं? सगुणाबाई चावडीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ती आपणहून आत शिरली."

कोंडाबाई खाली अंगणात उभी होती. तिनं ऐकलं. हात जोडले आणि ती निघून गेली. तिच्या हातांना ग्रहण लागलं, आता हिनं कोणाच्या बाळाला शिवायचं नाही, असं ठरलं. सुगीला तिचा धान्याचा वाटा बंद झाला.

तीन वर्षं गेली. गावात प्लेग आला नाही. उजाबाईच्या ओठाला फट नव्हती, बोट वाकडं नव्हतं, ती अंगणभर पळत होती. पण एकदा बोललेलं कोणी मागं घेईना. मधे संवत छप्पनचा, म्हणजे एकोणीसशे सालचा दुष्काळ येऊन गेला, त्यात कोंडाबाईच्या घरानं काय खाल्लं ते गावानं विचारलं नाही. बाळंतपणाला तीन कोसांवरून दुसरी सुईण आणत. मग एका पावसाळ्यात न्हाव्याची सून वेणू अडली. ओढ्याला पूर होता, बाहेरची सुईण पलीकडेच अडकली. वेणू गेली, बाळही गेलं. कोंडाबाई अर्ध्या हाकेच्या अंतरावर होती.

वेणूला नेलं त्या दिवसापासून सगुणाबाईंनी अन्न टाकलं, असं सांगतात. चौथ्या दिवशी त्या एकट्या मातंग वस्तीत गेल्या. पाटलाच्या घरची बाई तिथं त्याआधी कधी गेली नव्हती.

"माझ्या हातानं अडसर काढला होता," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले, कोंडाबाई. लोक माझ्या नातीकडं बोट दाखवतील, म्हणून भ्याले."

कोंडाबाई म्हणाली, "मला सांगून काय उपेग? वेणू तर गेली. चावडीवर सांगा."

त्या वर्षी दिवाळीच्या अमावास्येला पुन्हा सूर्यग्रहण आलं. गावानं दारं लावली. सगुणाबाईंनी आपलं दार सताड उघडलं, चूल पेटवली, पाण्याचं भांडं चढवलं आणि पावणेचार वर्षांच्या उजाबाईचा हात धरून चावडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जे झालं ते मोठ्यानं सांगितलं. लोक दाराच्या फटींतून ऐकत होते. मग त्या तशाच वस्तीपर्यंत गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोंडाबाई, आमच्या घरी येणार का?"

कोंडाबाई आली. पुढच्या दारानं आली. त्या दिवशी न्हाव्याच्या घराचं दार दुसरं उघडलं. वेणूच्या सासूनं उघडलं. बाकीची हळूहळू उघडली, काहींना दोन-तीन ग्रहणं लागली.

एवढ्यानं सगळं सरळ झालं असं मात्र मी सांगणार नाही. कोंडाबाई मेली तेव्हाही तिच्या वस्तीचा पाणवठा वेगळाच होता. तो एक व्हायला पुढं चाळीस वर्षं आणि बरीच भांडणं लागली. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात आणि ग्रहणात वस्तीतलं कोणी टोपली घेऊन फिरत नाही.

पण आजही ग्रहण लागलं की पाटलांच्या घरची थोरली बाई वस्तीत जाते. कोंडाबाईच्या घराण्यातली जी वडीलधारी असेल तिच्या अंगणात उभी राहून विचारते, "आमच्या घरी येणार का?"

आणि तिनं ‘हो’च म्हटलं पाहिजे, असं काही बंधन नाही. मला आठवतं, एका वर्षी म्हातारी रखमाबाई काहीतरी मनाला लागलं म्हणून "न्हाई येत" म्हणाली होती. त्या वर्षी ग्रहण सुटेपर्यंत पाटलीणबाई तिच्या अंगणात, उन्हात उभ्या होत्या.