रंगारी गल्लीतली मेंबरीण

या गोष्टीला फार वर्षं झाली. कासारबर्डी गावात तेव्हा वीज आली नव्हती. चौकाचौकात नगरपालिकेचे रॉकेलचे कंदील लागत आणि पाणी विहिरीवरून भरावं लागे. त्या काळी रंगारी गल्लीत मथुराबाई नावाची एक विधवा राहायची. लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणायचे. पालिकेत बायकांमधून एक मेंबर घ्यायची ठरली, तेव्हा तिला घेतलं. घेणाऱ्यांना वाटलं, बाई येईल, कोपऱ्यात बसेल, अंगठा उठवेल आणि जाईल.

तसं झालं नाही. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ऊन कललं की मथुराबाई गल्लीतल्या निंबाच्या पारावर उभी राहायची आणि सभेची सगळी हकिकत सांगायची. कुठली नाली उपसणार, कुठला कंदील फुटला, कुठल्या विहिरीत औषध टाकलं. कोण काय बोललं तेही, आणि आपण कशाला हात वर केला तेही. ती पारावरून बोलायला लागली की वेशीबाहेर चरणाऱ्या म्हशी मान वर करायच्या, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात सुतार आळीला आग लागली. घरं लाकडाची, एकाला एक चिकटलेली. आग या आढ्यावरून त्या आढ्यावर गेली आणि दिवस मावळायच्या आत आळी उरली नाही. सात माणसं गेली. मग पालिकेनं जिल्ह्याहून ओव्हरसियर बोलावला. त्यानं दोन दिवस पायी फिरून गाव पाहिलं आणि सभेत टेबलावर नकाशा पसरला. म्हणाला, "गावाच्या मधोमध तीस हात रुंद मोकळा पट्टा हवा. घर नको, छप्पर नको, कडब्याची गंजीसुद्धा नको. आग तिथं येऊन उपाशी मरेल."

आणि त्यानं लाल पेन्सिलीनं रेघ ओढली.

मथुराबाईला अक्षर येत नव्हतं. पण आपल्या गल्लीतल्या दोन विहिरी आणि मधला पार कुठं दाखवलाय, ते तिला कळलं. रेघ बरोबर त्यावरून गेली होती. तिच्या कानांत दडे बसले. समोरचे मेंबर तोंडं हलवताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

मग तिनं विचारलं, "साहेब, ही रेघ जरा अलीकडून नाही का जायची?"

"जाईल की बाई. पण वैशाखात वारा पश्चिमेचा. अलीकडून नेली तर आग तिला वळसा घालून पुढं जाईल."

अध्यक्ष म्हणाले, "मथुराबाई, गल्ली तुमची आहे. तुम्ही नको म्हणा, आम्ही विषय इथंच सोडतो."

नको म्हणणं इतकं सोपं होतं. पण सुतार आळीत तिनं स्वतःच्या हातांनी एक पाळणा उचलला होता, आणि उचलता उचलता त्याची राख झाली होती. हात कधी वर गेला ते तिला कळलंच नाही. वर गेलेला हात तिनं पाहिला, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा आहे असं तिला वाटलं.

मंगळवारी ती पारावर उभी राहिली. बायका शेवया वळत होत्या. तिचा दीर धोंडू निळीच्या पिंपात लुगडं बुडवत होता. तिनं सांगितलं, "आपली बावीस घरं जाणार. वेशीबाहेर, कोंडवाड्याजवळच्या माळावर जागा मिळेल. पंधरा दिवसांत घरं रिकामी करायची."

शेवया वळणारे हात तसेच थांबले. धोंडू लुगडं बाहेर काढायला विसरला, आणि निळं लुगडं पिंपात काळंठिक्कर झालं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात ना?"

"नाही भाऊजी. मी हात वर केला."

पंधरा दिवसांनी पालिकेचे गडी पहारी घेऊन आले, पण गल्लीची तोंडं बघून कुणाचा हात उचलेना. तेव्हा मथुराबाईनं एकाच्या हातातली पहार घेतली आणि आपल्या घराच्या भिंतीवर पहिला घाव घातला. त्या भिंतीतून आधी निळं पाणी आलं, मग तांबडं, मग हळदीसारखं पिवळं. तीन पिढ्यांचा रंग भिंतीनं पिऊन ठेवला होता, तो त्या दिवशी वाहिला, असं म्हणतात.

घरं गेली, निंबही तोडला. पार तेवढा राहिला. लोक माळावर गेले आणि मथुराबाईशी बोलायचे थांबले. धोंडूनं तिचं नाव टाकलं. ती माळाच्या कडेला एकटीच कुडाच्या खोपीत राहू लागली. पण मंगळवार तिनं चुकवला नाही. उघड्या पारावर, डोक्यावर पदर घेऊन, ती हकिकत सांगायची. बाजाराला आलेले तिचे लोक तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. ती पाठींना सांगायची. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या वैशाखात, भर दुपारी, पश्चिमेच्या बाजूला सरकीची वखार पेटली. वारा सुटला होता. बघता बघता अर्धं गाव आगीच्या तोंडी आलं. लोक पोरंबाळं उचलून पूर्वेकडे पळाले, आणि पळताना त्यांनी पाहिलं, की मथुराबाई उलटी, पट्ट्याकडे चालली आहे.

ती पारावर चढली. समोर आग, ताडाएवढी. आणि म्हणतात, की तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. माझ्यामागं कासार आळी आहे, तिथं अमकी बाळंतीण आहे. तिच्या पलीकडं कोष्टीवाडा, तिथं दोन आंधळे भाऊ राहतात. घर घेऊन, नाव घेऊन, अर्ध्या गावाची हकिकत तिनं आगीला सांगितली. दोन वर्षांत तिच्याकडे तोंड करून कुणी ऐकलं नव्हतं. आगीनं ऐकलं. पट्ट्याच्या काठाशी आग उभी राहिली, पुढं आली नाही, आणि शेवटचं घर सांगून होईतो खाली बसली. कुणी म्हणतं वारा पडला. म्हातारी माणसं तसं म्हणत नाहीत.

धोंडू माळावरून घागर घेऊन धावत आला, तेव्हा मथुराबाई उभीच होती. पदर जळाला होता, भुवया जळाल्या होत्या. तिनं काही सांगायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो पुन्हा कधी आलाच नाही.

पुढच्या मंगळवारी ती पारावर चढली. गाव समोर बसलं होतं, आणि या वेळी कुणाची पाठ नव्हती. तिचे ओठ हलत होते. ऐकू कुणालाच येत नव्हतं. लोक कासावीस झाले. मग गर्दीतून धोंडू उठला, पारावर गेला आणि त्यानं तिच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तो ऐकत राहिला. त्याचे डोळे भरले होते. मग तो लोकांकडे वळला.

"वहिनी म्हणतात," तो म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यानं पश्चिमेकडच्या जळालेल्या घरांची नावं सांगितली.

ती होती तोवर दर मंगळवारी त्यानं तिचं बोलणं सांगितलं.

तो पट्टा आजही मोकळा आहे. लग्नाच्या मांडवाचा खांबसुद्धा तिथं कुणी रोवत नाही. आणि कासारबर्डीत निवडून आलेला कुणीही, कुठल्याही पक्षाचा असो, लोकांना पालिकेची हकिकत सांगायला उभा राहिला की आधी दोन शब्द बोलतो, "वहिनी म्हणतात." ते शब्द उच्चारले की पुढं खोटं बोलायचं नाही. आणि ते ऐकले की, बातमी कितीही वाईट असो, पाठ फिरवायची नाही.