न दिलेली हाक

फार मागची गोष्ट आहे. एका घाटाच्या पायथ्याला लहानसं गाव होतं आणि गावाचा वैद्य राहायचा वर, घाटमाथ्यावर. कोणी आजारी पडलं की त्याला डोलीत घालून नऊ वळणं चढवावी लागत. डोलीच्या दांडीला पुढे एक खांदा, मागे एक.

म्हणून गावाची एक रीत होती. रोज सकाळी प्रत्येक घरातल्या एका गड्यानं वाळूचं पोतं घेऊन घाट चढायचा. जिथं दम तुटेल तिथं पोतं टेकवायचं आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "दमलोऽऽ!" कोण कुठे दमतो हे गावचा मुकादम ध्यानात ठेवायचा. डोली निघाली की त्या वळणावर ताजा गडी उभा करायचा.

गावात एक दांडगा माणूस होता. रुंद छाती, भरघोस मिशा. सगळे त्याला पैलवान म्हणत. सातव्या वळणाशी त्याचाही दम तुटायचा, पण हाक द्यायची लाज वाटे. झुडपाआड पोतं टेकवून तो गुपचूप बसायचा आणि धाप ओसरली की पुढे चढायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

त्याच गावात एक काटकुळा शिंपी होता. तो पहिल्याच वळणावर हाक द्यायचा. पाणवठ्यावर बायका हसायच्या, "झालं! शिंप्याचा कोंबडा आरवला!" शिंपीही हसायचा. पण काल जिथं बसला, त्याच्या चार पावलं पुढं जाऊन आज बसायचा. होता होता त्याची हाक आठव्या वळणावरून येऊ लागली.

पैलवानाची बायको एकदा म्हणाली, "अहो, सगळ्यांच्या हाका येतात. तुमची कधी येतच नाही."

"दमलो तर देईन की!"

ती कौतुकानं हसली. खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं सांगितलं नाही.

भाद्रपदात गवत कापताना तिला साप डसला.

मुकादमानं घाईनं गडी नेमले. "पुढे पैलवान, थेट माथ्यापर्यंत. त्याला बदली नको, तो दमत नाही. मागे चौथ्या वळणापासून शिंपी."

पैलवानानं बोलायला तोंड उघडलं. सगळं गाव बघत होतं. त्यानं तोंड मिटलं आणि दांडी उचलली.

सातव्या वळणाशी त्याची छाती फुटायला आली. मागून शिंपी म्हणाला, "पैलवान, पाय लटपटतायत तुमचे. हाक द्या!"

"गप चल."

दहा पावलं गेला असेल, गुडघा दुमडला आणि डोली दगडावर टेकली. मग शिंप्यानंच हाक दिली, "खांदा द्याऽऽ!" तिथं ताजा गडी कोणी नेमलेलाच नव्हता, म्हणून गडी खालून, गावातून धावत निघाले. पण सात वळणं चढायला लागायचा तो वेळ लागलाच.

बायकोनं त्याचा हात धरला होता. "बसा जरा," ती म्हणाली, "दमलात तुम्ही." गडी पोचले तेव्हा तिचा हात गार पडला होता.

मुकादम एवढंच म्हणाला, "एक शब्द सांगितला असतास, तर इथं माणूस उभा केला असता रे."

दोन महिने पैलवान घराबाहेर पडला नाही. मग एका सकाळी त्यानं पोतं उचललं. अंग सुटलं होतं. दुसऱ्याच वळणावर दम तुटला. त्यानं डोळे मिटून हाक दिली. खाली पाणवठ्यावर कोणी हसलं नाही.

शिंपी शेजारी येऊन बसला. पैलवानानं विचारलं, "इतकी वर्षं मी सातव्यावरच कसा अडकलो?"

"तुम्ही दमतच नव्हता ना," शिंपी हळूच म्हणाला. "मग पुढची चार पावलं मोजायची कुठून?"

दोन वर्षांनी एका बाळंतिणीला वर न्यायची वेळ आली. पैलवान डोली घेऊन आठ वळणं चढला आणि तिथं त्यानं हाक दिली. ताजा गडी उभाच होता. माथ्यावर वैद्य म्हणाला, "वेळेत आणलंत."

मागोमाग वर आलेला पैलवान वैद्याच्या अंगणाच्या कडेला गेला आणि गुडघ्यांत डोकं घालून खूप वेळ रडला.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जिथं हरलो ती जागा लपवली की माणूस तिथंच राहतो आणि त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. ती उघड सांगितली, तर उद्याचं पाऊल तिथूनच पुढं पडतं.